कराची ते मुंबई : जे. आर. डी. टाटा यांचे चरित्र

दोन शहरांमधील अंतर किती, असा प्रश्न केला असता भूगोलाचे पुस्तक किलोमीटरांत उत्तर देते. प्रवासी मात्र तासांत आणि दिवसांत उत्तर देतो. आमच्या कोंकणातील जुनी माणसे पायवाटेचे अंतर मजलांनी मोजीत, आणि गलबतावरचा तांडेल ते वाऱ्याच्या भरवशावर सांगे. आपल्या कतारगामातील कितीतरी विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत ताप्ती लाइनच्या गाडीने खानदेशात जातात. नंदुरबार किंवा भुसावळ सुरतेपासून किती किलोमीटर, असे विचारले तर ते क्षणभर थबकतील. पण गाडी कितीला सुटते आणि कितीला पोहोचते, हे त्यांस तोंडपाठ असते. म्हणजे अंतरे दोन प्रकारची आहेत. एक नकाशावरचे, ते कधी बदलत नाही. दुसरे घड्याळावरचे, ते मनुष्य आपल्या प्रयत्नाने कमी करू शकतो आणि आपल्या भांडणाने वाढवूही शकतो.

घड्याळावरचे अंतर कसे कमी होत गेले, हा इतिहास सुरतकरांस नवा नाही. सतराव्या शतकात तापीच्या मुखाजवळून इंग्रजांची जहाजे निघत. आफ्रिकेला वळसा घालून विलायतेस पोहोचण्यास त्यांना सहा महिन्यांहून अधिक काळ लागे. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटीने तोच प्रवास काही आठवड्यांवर आला. १९२९ साली लंडनहून कराचीपर्यंत विमानाने टपाल येऊ लागले. आठवड्यांचे दिवस झाले. कराचीपासून पुढे मात्र ते टपाल आगगाडीच्या डब्यात पडून, मारवाडास वळसा घालीत मुंबईकडे येई. हा राहिलेला टप्पा ज्यांनी आकाशातून जोडला, त्या जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचे चरित्र आम्ही येथे सांगण्याचे योजिले आहे. जे. आर. डी. टाटा या नावाने ते सर्वांस परिचित आहेत. उद्योगपती म्हणून त्यांची योग्यता मोठी आहेच. परंतु आम्ही येथे विशेषेकरून त्यांच्यातील वैमानिकाकडे पाहणार आहोत.

टाटा घराण्याचे मूळ गाव आपल्या शेजारचे नवसारी. आगगाडीने सुरतेहून मुंबईकडे निघाले म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात ते लागते. भारतीय उद्योगांचा पाया घालणाऱ्या जमशेटजी टाटा यांचा जन्म १८३९ साली तेथेच झाला. रतनजी दादाभाई हे त्यांच्या नात्यातील व व्यापारातील सहकारी. व्यवसायानिमित्त ते पॅरिसला राहत असत. तेथील सुझान ब्रिएर या फ्रेंच युवतीशी त्यांनी विवाह केला. विवाहानंतर त्या सूनी झाल्या. या दांपत्याच्या पाच अपत्यांपैकी दुसरे अपत्य म्हणजे जहांगीर. त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला.

जहांगीरांचे बालपण एका जागी स्थिर असे गेले नाही. कधी फ्रान्स, कधी मुंबई, कधी जपान, तर कधी इंग्लंड असे त्यांच्या शिक्षणाचे तुकडे झाले. त्यांची पहिली भाषा फ्रेंच. इंग्रजी मागाहून आली. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि रस्त्यावर गुजराती बोलणाऱ्या आपल्या मुलांना भाषांच्या या ओढाताणीची कल्पना सहज येईल. घरी कोंकणी बोलून वर्गात मराठी शिकविणाऱ्या आम्हांसही ती येते. शाळा वारंवार बदलली, भाषा बदलली, तरी शिकण्याची इच्छा शाबूत असेल तर मनुष्याचे काही अडत नाही, याचे हे चरित्र एक उदाहरण आहे.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्दलो नावाचे एक गाव आहे. तेथे टाटा कुटुंबाचे उन्हाळ्यातले घर होते. योगायोग असा की प्रसिद्ध वैमानिक लुई ब्लेरिओ यांचेही घर त्याच गावी होते. ब्लेरिओ यांनी २५ जुलै १९०९ रोजी फ्रान्स व इंग्लंड यांमधील खाडी विमानातून ओलांडली. अंतर अडतीस किलोमीटरांच्या आसपास, आणि त्यास सुमारे सदतीस मिनिटे लागली. आज हा पराक्रम लहान वाटेल. परंतु त्या दिवसापर्यंत समुद्रावरून विमान नेऊन दुसऱ्या देशात उतरण्याचे साहस असे कोणी केले नव्हते. आर्दलोच्या वाळूवर विमान उतरताना पाहून लहानग्या जहांगीरांच्या मनात उडण्याचे वेड शिरले. पंधराव्या वर्षी त्याच किनाऱ्यावर त्यांना प्रथम विमानात बसावयास मिळाले, आणि आपण वैमानिक होणार हा त्यांचा निश्चय झाला.

निश्चय झाला, तरी वाट लगेच सापडली नाही. १९२३ साली त्यांच्या मातोश्री निवर्तल्या. फ्रान्सचे नागरिक असल्यामुळे तेथील कायद्याप्रमाणे त्यांना काही काळ सैन्यात काढावा लागला; ते घोडदळात होते. त्यानंतर केंब्रिजला जाऊन यंत्रशास्त्राचा अभ्यास करावा, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. पण वडिलांनी त्यांना मुंबईस बोलावून घेतले, आणि १९२५ च्या अखेरीस ते टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाले. पुढील वर्षीच वडीलही गेले. बाविसाव्या वर्षी घरातील धाकट्या भावंडांचा आणि वडिलांच्या जागेचा भार त्यांच्यावर पडला. विश्वविद्यालयाची पदवी आपल्याला मिळाली नाही, ही खंत त्यांना जन्मभर राहिली. ती उणीव भरून काढण्यासाठी ते रात्री उशिरापर्यंत वाचीत बसत.

१९२८ साली मुंबईस जुहू येथे विमाने उतरविण्याची सोय झाली आणि फ्लाइंग क्लब सुरू झाला. जहांगीर तेथे पहिल्याच तुकडीत जाऊन उभे राहिले. शिक्षकाबरोबर चार तासही पुरे झाले नव्हते, तोच त्यांनी एकट्याने विमान उडविले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता. त्या वेळी त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग केला.

याच सुमारास आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले. भारत व इंग्लंड यांमधील प्रवास जो भारतीय वैमानिक प्रथम एकट्याने विमानातून करील, त्यास पाचशे पौंड मिळावयाचे होते. १९३० च्या मे महिन्यात जहांगीर कराचीहून लंडनकडे निघाले. उलट दिशेने, लंडनहून कराचीकडे, अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा पारशी मुलगा निघाला होता. इजिप्तमधील अबूकीर या ठिकाणी दोघांची गाठ पडली. अस्पीच्या विमानाचे प्लग बिघडले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. त्यावाचून तो तेथेच अडकून पडला होता. जहांगीरांनी आपल्याजवळील जादा प्लग त्यास देऊन टाकले. अस्पी पुढे निघाला, आणि थोड्या तासांच्या फरकाने बक्षीस जिंकून गेला.

हा प्रसंग वाचून काही विद्यार्थ्यांस वाटेल की हा निव्वळ भोळेपणा झाला. आम्हांस तसे वाटत नाही. शर्यत ही दोघांच्या कौशल्याची होती. प्लगांच्या अभावी प्रतिस्पर्धी मागे राहिला असता, तर त्या जिंकण्यास काय अर्थ होता? शिवाय देशाचा लाभ पाहावा. हाच अस्पी इंजिनिअर पुढे भारतीय हवाई दलात शिरला आणि १९६० ते १९६४ या काळात त्या दलाचा प्रमुख झाला. जहांगीरांनी बक्षीस गमावले, पण एक उत्तम वैमानिक मिळविला.

आता आपण मूळ विषयाकडे वळू. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे एक वैमानिक विमानदलातील नोकरी सोडून भारतात आले होते. इंपीरियल एअरवेज कंपनीने लंडनचे टपाल कराचीस आणावे आणि तेथून ते मुंबईमार्गे मद्रासला नेण्याचे काम भारतीय कंपनीने करावे, अशी त्यांची योजना होती. भांडवल मात्र त्यांच्याजवळ नव्हते. ही योजना टाटांपुढे आली. घराण्याचे वडीलधारे सर दोराबजी टाटा प्रथम राजी नव्हते. शेवटी त्यांनी सुमारे दोन लाख रुपयांचे भांडवल मंजूर केले. त्यानंतर सरकारचे दार ठोठावण्यात तीन वर्षे गेली. सरकार साहाय्य देण्यास तयार होईना. अखेर टाटांनी साहाय्य नको, केवळ वाहिलेल्या टपालाच्या वजनाप्रमाणे मोबदला द्या, असे कळविले; आणि १९३२ साली करार झाला.

कंपनीचा सारा पसारा म्हणजे एका यंत्राची दोन लहान पस मॉथ विमाने आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके वैमानिक व कारागीर. जुहूचे मैदान हेच त्यांचे ठाणे. विमानात रेडिओ नव्हता. वाट दाखविणारी यंत्रे जमिनीवरही नव्हती आणि विमानातही नव्हती. मांडीवर नकाशा, समोर होकायंत्र आणि खाली दिसणाऱ्या नद्या, रुळांच्या ओळी आणि किनारा, एवढ्या साधनांवर वैमानिकाने गाव शोधावयाचे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी जहांगीरांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून उड्डाण केले. विमानात ते एकटेच होते. सोबत पंचावन्न पौंड, म्हणजे सुमारे पंचवीस किलो टपाल होते. वाटेत अहमदाबादेस ते उतरले. तेथे विमानात भरावयाचे पेट्रोल बैलगाडीतून डब्यांनी आणले होते. जगातील सर्वांत वेगवान वाहनाला सर्वांत संथ वाहनाने पाणी पाजावे तसा तो देखावा असला पाहिजे! पेट्रोल भरून ते पुन्हा निघाले आणि दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी जुहूस उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी दुसऱ्या विमानाने टपाल घेतले, बेल्लारीस रात्रीचा मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी ते मद्रासला पोहोचविले. भारतीय विमान वाहतुकीचा आरंभ असा झाला.

विद्यार्थ्यांनी येथे नकाशा, दोरा व पट्टी घ्यावी. कराचीहून मुंबईपर्यंत सरळ रेषेत अंतर सुमारे ८७५ किलोमीटर भरते. पण ती रेषा कच्छचे आखात आणि अरबी समुद्र यांवरून जाते, आणि अहमदाबादेचे टपाल तिच्या वाटेवर येत नाही. एकाच यंत्राचे विमान समुद्रावर बंद पडले तर उतरावयास जागा नाही. म्हणून अहमदाबादेवरून वळसा. कराची ते अहमदाबाद सुमारे ६०० किलोमीटर आणि अहमदाबाद ते मुंबई सुमारे ४४०. एकूण १,०४० किलोमीटर. पस मॉथचा वेग ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटरांच्या आसपास धरावा. भागाकार केला तर साडेसहा तास येतात. प्रत्यक्षात सुटण्यापासून पोहोचण्यापर्यंत सव्वासात तास लागले. उरलेला पाऊण तास अहमदाबादेचा मुक्काम, बैलगाडीवरील डबे आणि चढण्या-उतरण्याचा म्हटला, तर हिशेब बरोबर जुळतो. वेग, काळ आणि अंतर यांची उदाहरणे कंटाळवाणी वाटणाऱ्यांनी हे उदाहरण एकदा सोडवून पाहावे.

आणखी एक गोष्ट नकाशावर दिसेल. अहमदाबाद व जुहू या दोन बिंदूंना जोडणारी रेषा तापीला सुरतेच्या पश्चिमेस, शहरापासून अवघ्या दहा-बारा किलोमीटरांवर छेदते, आणि पुढे नवसारीच्या जवळून जाते. जहांगीर त्या दुपारी नेमके कोणत्या शेतावरून उडाले, हे नकाशा सांगणार नाही. पण ज्या मुलखातून त्यांचे पूर्वज निघाले, त्याच मुलखावरून त्यांची आकाशवाट गेली होती, एवढे निश्चित. ज्या तापीच्या मुखातून निघालेले पत्र पूर्वी सहा महिन्यांनी विलायतेस पोहोचे, तिच्या परिसरावरून आता विलायतेचे पत्र दीड-पावणेदोनशे किलोमीटरांच्या वेगाने मुंबईकडे चालले होते.

या सेवेचे खरे यश पहिल्या उड्डाणात नसून पुढील तीनशे पासष्ट दिवसांत आहे, असे आमचे मत आहे. एक दिवसाचा पराक्रम अनेकांस साधतो. रोजचा नेम थोड्यांस साधतो. पहिल्या वर्षात या कंपनीच्या विमानांनी सुमारे एक लाख साठ हजार मैल प्रवास केला, १५५ उतारू नेले, आणि वर्षाअखेर साठ हजार रुपये नफा उरला. टपाल वेळेवर पोहोचविण्यात कंपनीने पहिल्या वर्षी एकही चूक केली नाही. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. तेव्हा विमानांचे ठाणे पुण्यास हलविण्यात येई. सह्याद्रीवर ढग उतरलेले असता, रेडिओवाचून डोंगर ओलांडून वेळ पाळावयाची, ही गोष्ट किती कठीण असेल, हे घाट पाहिलेल्यांस सांगावयास नको.

टपालाबरोबर मार्गही वाढत गेले. त्रिवेंद्रम, दिल्ली अशी शहरे मुंबईशी जोडली गेली. १९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जहांगीर टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. पोलादापासून विजेपर्यंत अनेक उद्योगांची जबाबदारी आली, तरी विमानावरील त्यांचे लक्ष कमी झाले नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, व्हिन्सेंट यांचे विमान नाहीसे झाले आणि या कामातील त्यांचा सर्वांत जवळचा सोबती गेला. १९४६ साली टाटा एअरलाइन्सचे नाव एअर इंडिया झाले.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. ज्या वाटेवर भारतीय विमान वाहतूक जन्मली, त्या वाटेचे एक टोक परदेशात गेले. जहांगीरांची दृष्टी मात्र आता अधिक दूरवर होती. ८ जून १९४८ रोजी रात्री त्यांच्या कंपनीचे ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. कैरो व जिनिव्हा येथे थांबून, सुमारे पाच हजार मैलांची मजल मारून ते १० जूनच्या सकाळी लंडनला उतरले. पस्तीस उतारू होते, आणि त्यांत जहांगीर स्वतः होते. आज हाच प्रवास न थांबता नऊ-दहा तासांत होतो.

या आंतरराष्ट्रीय सेवेची कीर्ती वेळेच्या बाबतीत इतकी झाली की जिनिव्हातील लोक एअर इंडियाचे विमान आकाशात दिसले म्हणजे घड्याळ न पाहता वेळ सांगत, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, तिच्या मागील परिश्रम खरे होते. अध्यक्ष असूनही जहांगीर प्रवासात सारखे टिपणे करीत. चहाचा रंग, खुर्चीची पाठ, पडद्याचे कापड, स्वच्छतागृहातील कागद यांतील काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. परतल्यावर ती टिपणे संबंधितांच्या टेबलावर जात. कचेरीतील एखादे टेबल धुळीने भरलेले दिसले, तर ते स्वतः फडके घेऊन पुसावयास लागत. ज्याला मोठे काम चोख करावयाचे आहे, त्याने लहान काम कमी प्रतीचे मानू नये, हा त्यांचा आचार होता.

आता या चरित्रातील कठीण भाग येतो. युद्ध संपल्यावर अनेक लहान कंपन्यांना विमान चालविण्याचे परवाने मिळाले, आणि पुरेसे उतारू नसल्यामुळे बहुतेकांचे दिवाळे निघण्याची पाळी आली. तेव्हा १९५३ साली सरकारने सर्व विमान कंपन्या आपल्या ताब्यात घेतल्या. देशाच्या वाहतुकीची सूत्रे देशाच्या हाती असावी, असे त्या काळी पुष्कळांस प्रामाणिकपणे वाटे. जहांगीरांचे मत याच्या उलट होते आणि ते त्यांनी सरकारपुढे स्पष्टपणे मांडले. तथापि निर्णय झाला. एकवीस वर्षे स्वतःच्या हातांनी वाढविलेली संस्था त्यांच्या मालकीची राहिली नाही.

अशा वेळी दुसरा कोणी रुसून घरी बसला असता. जहांगीरांपुढे पंडित नेहरूंच्या सरकारने परदेशी मार्गांवरील कंपनीचे, म्हणजे एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद ठेवले, आणि त्यांनी ते स्वीकारले. पुढे पंचवीस वर्षे त्यांनी ते बिनवेतन सांभाळले. संस्था आपली की सरकारची, या प्रश्नापेक्षा ती वेळेवर चालते की नाही, हा प्रश्न त्यांस मोठा वाटला. १९६० साली बोइंग ७०७ जातीची जेट विमाने आली आणि न्यूयॉर्कपर्यंत सेवा सुरू झाली. १९६२ साली एअर इंडियाची सर्व विमाने जेट झाली. जगात कोणत्याही कंपनीने तोपर्यंत हे साधले नव्हते.

१ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे विमान मुंबईहून निघताच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर महिनाभरातच त्या वेळच्या केंद्र सरकारने जहांगीरांना अध्यक्षपदावरून दूर केले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पंचवीस वर्षांच्या बिनवेतन सेवेनंतर आलेला हा निरोप त्यांच्या मनाला लागला, यात नवल नाही. १९८० साली पुढील सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतले. अध्यक्षपद मात्र पुन्हा त्यांच्याकडे आले नाही.

एवढे झाल्यावर त्यांनी काय केले, हे सांगण्यासाठीच आम्ही हे चरित्र निवडले आहे. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे पूर्ण होत होती. जहांगीर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. पस मॉथच्या जातकुळीतील लेपर्ड मॉथ नावाचे जुने विमान दुरुस्त करून घेण्यात आले, आणि त्यात बसून, पन्नास वर्षांपूर्वीच्या त्याच वाटेने, ते कराचीहून मुंबईस आले. १९६२ साली, तीस वर्षे झाली तेव्हाही त्यांनी हाच प्रवास केला होता. सत्काराची हौस हे या उड्डाणामागील कारण नव्हते. देशातील तरुण निराश होत आहेत, काम चोख करण्यातला आनंद त्यांस दाखवावा, असा त्यांचा हेतू होता. ज्या क्षेत्रातून त्यांस अपमानाने बाहेर जावे लागले, त्याच क्षेत्राची आठवण ते प्रेमाने साजरी करीत होते.

त्यांच्या इतर कार्याची येथे केवळ नोंद करतो. १९३८ पासून १९९१ पर्यंत, म्हणजे त्रेपन्न वर्षे, ते टाटा समूहाचे अध्यक्ष होते. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली, आणि डॉ. होमी भाभा यांच्या प्रेरणेने निघालेली टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली उभी राहिली. दोहोंच्या मागे टाटांच्या विश्वस्त निधीचे बळ होते. लोकसंख्येचा प्रश्न त्यांनी फार लवकर ओळखला होता. १९९२ साली त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च किताब देण्यात आला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले. ज्या पॅरिसमध्ये ते जन्मले, तेथेच आईवडिलांजवळ त्यांना चिरविश्रांती मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने एअर इंडिया टाटांना विकली. एकोणसत्तर वर्षांनी ती मूळ घरी परतली, तेव्हा तिचे जनक हयात नव्हते.

आता पुन्हा नकाशाकडे पाहू. सुरतेच्या विमानतळाहून दिल्ली सरळ रेषेत सुमारे ९३५ किलोमीटर आहे, आणि विमान तेथे दोन तासांच्या आत पोहोचते. कराची ते मुंबई हे अंतर त्याहूनही कमी. मग आजच्या जेट विमानास त्यासाठी दीड तास पुरावा, असे गणित सांगते. परंतु हे लिहिताना या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही. एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांस आपले आकाशच बंद केले. कराचीहून मुंबईस यावयाचे तर दुबईसारख्या तिसऱ्याच गावी उतरून, विमान बदलून यावे लागते. तेथील ताटकळणे धरले तर लाकडी-कापडी पंखांच्या त्या पस मॉथला १९३२ साली लागलेल्या सव्वासात तासांहून आज कमी वेळ लागेलच, असे सांगता येत नाही. यंत्रे पाचपट वेगवान झाली, पण घड्याळावरचे अंतर होते तेथेच राहिले. ते यंत्रांनी वाढविले नाही, मनांनी वाढविले.

यावरून विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? आपल्यापैकी फार थोडे वैमानिक होतील. कोणी हिऱ्याच्या कारखान्यात, कोणी कापडाच्या धंद्यात, कोणी शाळेत, कोणी इस्पितळात काम करील. परंतु प्रत्येकाच्या हाती कोणते ना कोणते अंतर असणारच: रुग्ण आणि औषध यांमधले, पत्र आणि उत्तर यांमधले, भांडलेल्या दोन भावांमधले. ते कमी करावयाचे की वाढू द्यावयाचे, हे आपल्यावर आहे. जहांगीर टाटांनी अबूकीरला प्रतिस्पर्ध्यास प्लग दिले, पावसाळ्यात टपालाची वेळ पाळली, हातची संस्था गेल्यावरही तिची चाकरी सोडली नाही, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दोन देशांच्या सरहद्दीवरून शांतपणे विमान आणले. कतारगामच्या आकाशातून एखादे विमान जाताना दिसले, तर विद्यार्थ्यांनी ते कोठून आले आणि त्यास किती वेळ लागला, याचा हिशेब अवश्य करावा. आणि तो वेळ कमी करण्यासाठी कोणाकोणाचे कष्ट खर्ची पडले आहेत, याचाही विचार करावा, एवढीच आमची इच्छा आहे.